हीथ्रो विमानतळावरील रात्रीच्या उड्डाणांवरील निर्बंध

लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळील रहिवाशांची झोपमोड कमी व्हावी, यासाठी ब्रिटिश सरकारने रात्रीच्या विमान वाहतुकीवर घातलेले हे निर्बंध आहेत. ते १९६२ मध्ये सुरू झाले. आता ते १९८२च्या नागरी विमान वाहतूक कायद्याच्या कलम ७८नुसार लागू केले जातात.

कार्यपद्धती

१९९३ पासून आवाजाच्या कोट्याची पद्धत वापरली जाते. प्रत्येक प्रकारच्या विमानाला त्याच्या प्रमाणित आवाजानुसार गुण मिळतात. ३ डेसिबलच्या प्रत्येक वरच्या टप्प्याला गुण दुप्पट होतात. उतरतानाचे आणि उड्डाणाचे गुण वेगळे असतात. रात्री ११:३० ते सकाळी ६ या काळात प्रत्येक हंगामातील एकूण गुणांवर आणि विमानांच्या ये-जा संख्येवरही मर्यादा असते. ही संख्या वर्षाला ५,८०० असून त्यांपैकी बहुतेक विमाने पहाटे उतरणारी असतात.

न्यायालयीन वाद

१९९३च्या योजनेमुळे झोपमोड वाढल्याची तक्रार घेऊन काही रहिवासी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. २००१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मात्र ८ जुलै २००३ रोजी याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १२ विरुद्ध ५ मतांनी तो फिरवला. देशाचे आर्थिक हित आणि रहिवाशांचे घरगुती जीवन यांत सरकारने वाजवी समतोल साधला आहे, असे बहुमताचे मत होते. तथापि, या तक्रारीची पुरेशी तपासणी ब्रिटनमधील न्यायालयांत होऊ शकत नव्हती, हे रहिवाशांचे म्हणणे पीठाने मान्य केले.