पराभवांचा जमाखर्च

अमेरिकन बेसबॉलच्या दप्तरांत एक नोंद अशी आहे कीं, प्रथम वाचणारास ती छापखान्याची चूक वाटावी. ज्या साय यंगच्या नांवावर ५११ विजय, म्हणजे आजवरचे सर्वांत अधिक विजय जमा आहेत, त्याच्याच नांवावर सर्वांत अधिक पराभवहि खर्ची पडले आहेत. ते तीनशेंहून अधिक भरतात. आणि १९५६ पासून उत्कृष्ट पिचरला जें पारितोषिक देण्यांत येतें तें याच गृहस्थाच्या नांवाचें!

क्रिकेटवर पोसलेल्या आमच्या वाचकांस आधीं हेंच नवल वाटेल कीं, नऊ जणांच्या संघाचा पराभव एकट्या चेंडू फेकणाराच्या नांवें कां लिहावा? आपल्याकडे गोलंदाजाचे बळी मोजतात, त्यानें दिलेल्या धावा मोजतात. सामना हरल्याचें खापर दप्तरांत त्याच्या माथीं कोणी फोडीत नाहीं. बेसबॉलचा ढोबळ नियम असा कीं, प्रतिपक्षाची जी आघाडी पुढें अखेरपर्यंत तुटत नाहीं ती ज्या पिचरनें दिली, त्याच्या खात्यावर पराभव मांडावयाचा. त्याच्या सोबत्यांनीं एकहि धाव केली नसली तरी नियमांत फरक नाहीं.

या हिशेबाची परीक्षा पाहण्यास वॉल्टर जॉन्सनसारखें दुसरें उदाहरण नाहीं. कॅन्ससमध्यें १८८७ सालीं जन्मलेला हा पुरुष १९०७ पासून १९२७ पर्यंत एकवीस हंगाम वॉशिंग्टनच्याच संघांतून खेळला. विजय ४१७, पराभव २७९. समकालीनांत त्याच्या पंक्तीस बसण्याजोगे दोघे, क्रिस्टी मॅथ्यूसन व ग्रोव्हर अलेक्झांडर. दोघांचेहि विजय ३७३. पराभव मात्र अनुक्रमें १८८ व २०८. शेंकडा प्रमाण काढलें तर मॅथ्यूसन ६६, अलेक्झांडर ६४ आणि जॉन्सन जेमतेम ६०. आमच्या धंद्यांतील माणसें गुणपत्रिका लावून मोकळीं होतील: जॉन्सन तिसरा.

परंतु मॅथ्यूसनच्या पाठीशीं न्यूयॉर्कचा जायंट्स संघ होता. १९०४ ते १९१३ या दहा वर्षांत त्या संघानें पांच वेळां आपल्या लीगचें अजिंक्यपद मिळविलें. जॉन्सनच्या पाठीशीं कोण होतें? १९०९ सालीं वॉशिंग्टननें ४२ सामने जिंकले व ११० घालविले. त्यांत जॉन्सनचे विजय १३, पराभव २५. आंकडा लाजिरवाणा खरा. पण त्याला वगळून बाकीच्यांनीं काय केलें? २९ विजय व ८५ पराभव! सुगीचें वर्षहि पाहावें. १९१३ सालीं जॉन्सन ३६ सामने जिंकला व ७ हरला; उरलेल्या सर्वांचे मिळून विजय ५४ व पराभव ५७. त्याच्या २७९ पराभवांपैकीं ६५ तर असे कीं, त्यांत वॉशिंग्टनला एकहि धाव करतां आली नाहीं. शून्य धावांवर कोणता पिचर सामना जिंकून देईल, हें आम्हांस तरी सांगतां येत नाहीं.

मात्र सगळा दोष सोबत्यांवर ढकलणें आम्हांस पटत नाहीं. अलेक्झांडरचा फिलाडेल्फिया संघहि कांहीं जायंट्सच्या तोडीचा नव्हता, तरी त्याचे पराभव कमीच. येथें दुसरी गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते. जॉन्सननें ५,९०० हून अधिक डाव चेंडू फेकला, अलेक्झांडरनें सुमारें ५,२००, मॅथ्यूसननें सुमारें ४,८००. जो पुन्हा पुन्हा मैदानांत पाठविला जातो तोच इतके सामने हरूं शकतो. सामान्य पिचरला शंभर पराभवांच्या आंतच घरीं बसवितात. २९२ पराभवांचा धनी नोलन रायन १९८७ सालीं ८ जिंकला व १६ हरला. त्याच वर्षीं डावागणिक सर्वांत कमी धावा देण्यांत तो आपल्या लीगमध्यें पहिला होता! अलीकडे परीक्षकांची दृष्टि निवळली आहे. २०१८ सालीं जेकब डीग्रॉमला अवघ्या १० विजयांवर व ९ पराभवांवर साय यंग पारितोषिक मिळालें.

जॉन्सनच्या वेळीं तसें नव्हतें. १९२५ च्या वर्ल्ड सीरीजचा निर्णायक सातवा सामना पिट्सबर्गला पावसांत व चिखलांत झाला. सदतीस वर्षांचा जॉन्सन अखेरपर्यंत चेंडू फेकीत होता. त्याला मारहि बराच बसला. पण ऐन वेळीं पेकिनपॉ या त्याच्या सोबत्याच्या हातून चुका झाल्या. त्या मालिकेंत त्याच्या एकंदर आठ चुका मोजल्या गेल्या, आणि त्याच हंगामांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली होती! वॉशिंग्टन ९-७ नें हरलें, पराभव जॉन्सनच्या नांवें लागला. वर्ल्ड सीरीजचा हिशेब निराळा ठेवतात, म्हणून तो २७९ मध्यें धरलेला नाहीं.