भविष्यवादी की संदेष्टा

माझ्या आजीच्या जुन्या पवित्र शास्त्रात 'भविष्यवादी' असा शब्द होता. आज माझ्या हातात जे आहे, त्यात त्याच जागी 'संदेष्टा' छापलंय. तो पहिला शब्द लोकांना भलतीकडे नेतो हे आजीला वडखळला राहून कळलं होतं.

मुंबई-गोवा रस्त्यापासून अलिबागचा फाटा जिथे फुटतो, तिथून आमचं घर जवळ. खाचरातून परतणाऱ्या बायका आमच्या ओट्यावर टेकायच्या. आजीच्या देवळात 'भविष्य सांगतात' हे कुठूनतरी त्यांच्या कानावर आलेलं. एखादी हळूच विचारायची, "बाय गो, माज्या पोराला काम कदी लागंल, बघ ना." आजी म्हणायची, "मी जोशीण नाही गं. पुढचं मला दिसत नाही. तुझ्यासाठी प्रार्थना करते. मनात काही आलं तर सांगेन. पटलं तर घे."

हे 'पटलं तर घे' तिला तिच्या आईकडून आलेलं. माझी पणजी १९००च्या दुष्काळात गुजरातेतून पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आली, तेव्हा अगदी पोर होती. तिथलं जे तिने पाहिलं, ते आजीने मला इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते आठवतंय असं वाटतं.

वेल्समध्ये १९०४ साली मोठी आध्यात्मिक जागृती झाल्याची बातमी रमाबाईंपर्यंत पोचली होती. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी सुमारे ७० जणींना रोज प्रार्थनेला बसायला सांगितलं. जूनपर्यंत दिवसातून दोनदा ५५० जणी बसू लागल्या. २९ जूनच्या रात्री, पहाटेच्या सुमाराला, एका मुलीच्या अंगाभोवती आग दिसली म्हणून दुसरी धावत पाण्याची बादली घेऊन आली. पाणी ओतणार, तोच तिच्या ध्यानात आलं की ही जळत नाहीये. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. मुली एकदम मोठ्याने रडू, प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं.

पुढे मुली न शिकलेल्या अन्य भाषांत बोलू लागल्या, दर्शनं आली, आणि टीकाही आली. हा नुसता आरडाओरडा आहे, असं काही मिशनऱ्यांचं म्हणणं. रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही, आणि अन्य भाषा हीच आत्म्याची एकमेव खूण असंही मानलं नाही. खरी खूण प्रेमाची, असं त्यांचं मत होतं. मला त्यांचा मोठेपणा इथे दिसतो. स्वतः संस्कृत शास्त्रांत मुरलेली ही बाई, आणि कालपर्यंत उपाशी असलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या मुलींच्या तोंडून देव बोलू शकतो हे तिने मान्य केलं.

प्रेषितांची कृत्ये वाचताना फिलिप्पाच्या चार मुली येतात. त्या अविवाहित होत्या आणि संदेश देत असत, एवढंच त्यांच्याबद्दल लिहिलंय. त्या काय बोलल्या ते कुणी टिपून ठेवलं नाही. मुक्तीच्या बहुतेक मुलींचंही तसंच झालं. त्या गटागटाने आसपासच्या गावांत जायच्या, बायकांपाशी बसून बोलायच्या. पणजी म्हणे एवढंच सांगायची की आम्ही कुणाला तारखा सांगितल्या नाहीत. पौलाने करिंथच्या मंडळीला तेच लिहिलं होतं: संदेश उभारणीसाठी, धीर देण्यासाठी, सांत्वनासाठी असतो, आणि दोघातिघांनी बोलावं, बाकीच्यांनी पारख करावी. ही पारख सुटली की संदेश देण्याच्या दानाचा धंदा होतो. नवस, हप्ता, 'परमेश्वर मला म्हणाला' असा धाक, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याचा मला राग आहे.

रमाबाईंच्या मुक्तीतल्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी या जागृतीवर १९०६ साली पुस्तिका लिहिली. चिलीत राहणाऱ्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, हूवरबाईंना, त्यांनी ती धाडली, आणि १९०९ साली वाल्पाराइसोत जागृतीची जी चळवळ उभी राहिली तिच्यामागे हेही एक कारण होतं. केडगावच्या मुलींचा आवाज इतक्या लांब गेला.

तरी खरं होणारं भाकीत आमच्या इतिहासात नाहीच, असं म्हणता येणार नाही. नारायण वामन टिळक १८९३ साली रेल्वेने राजनांदगावकडे निघाले होते. डब्यात एक अनोळखी गोरा गृहस्थ. गप्पा झाल्या, त्याने टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो गृहस्थ कोण होता ते टिळकांना कधीच कळलं नाही. आजीला ही गोष्ट फार आवडायची, पण ती दोन वर्षांवर थांबायची नाही. "पुस्तक दिलं ना हातात," म्हणायची.

एक संदेष्टा तर आमच्या वाटेवरच आहे. वडखळहून अलिबागला जाताना, शहर येण्याआधी खंडाळे लागतं. तिथला खडक बेने इस्राएल लोकांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा. एलियाहू हन्नाबी, म्हणजे आमचा एलिया संदेष्टा, इथूनच अग्निरथातून स्वर्गात गेला अशी त्यांची श्रद्धा, आणि खडकावरच्या खुणा रथाच्या चाकांच्या नि घोड्यांच्या टापांच्या. पोहे, नारळ, साखर आणि फळांचा मलिदा करून ते त्याची आठवण करतात. केहीमकर, पेणकर, नागावकर अशी आपल्याच गावांची आडनावं लावणारी ही माणसं. मिशनरी जॉन विल्सनने त्यांच्यासाठी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, त्याच्या कितीतरी आधीपासून एलिया त्यांच्या घरात होता.

मी आठ-नऊ वर्षांची असताना आजी मला एस.टी.ने तिथे घेऊन गेली. मी विचारलं, "खरंच इथूनच गेला?" खुणेवर हात फिरवत ती म्हणाली, "गेला कुठून ते त्यांना ठाऊक. मला तो झाडाखाली निजलेला आठवतो." मग परतीच्या वाटेवर तिने मला सांगितलं की मोठमोठ्या राजांना सुनावणारा एलिया एकदा दमून मरण मागत होता. देवदूताने त्याला उठवलं, तापल्या निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, आणि पुन्हा निजू दिलं.

नाक्यावर उतरलो तेव्हा अंधारलं होतं. घरी पोचल्यावर आजीने तीन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि पलीकडच्या घरी गेली. त्या घरातला मुलगा तापाने पडला होता. कुणी तिला बोलावलं नव्हतं.