तळटीप : जॉन न्यूटन
* जॉन न्यूटन (१७२५–१८०७) : ‘अमेझिंग ग्रेस’ या गीताचे कर्ते. १७४८ च्या समुद्री वादळात आपल्यावर देवाची कृपा झाली, असे ते मानीत. गुलामांची ने-आण मात्र त्यानंतरही चालूच राहिली. कप्तान म्हणून रविवारी ते खलाशांची प्रार्थना घेत, आणि खालच्या तळात बेड्या घातलेली माणसे फळीवरच्या पुस्तकांसारखी खेटून निजवलेली असत. (ही उपमा त्यांचीच.) १७५४ मध्ये समुद्र सुटला तोही आजारपणामुळे. पुढे पाळक झाले. गुलामांच्या व्यापारातल्या सहभागाची जाहीर कबुली देणारी पुस्तिका थेट १७८८ ची. कृपा अभक्ती सोडायला शिकवते, असे बायबलमधल्या पत्रात पौल तीताला लिहितो. न्यूटन यांच्या बाबतीत ही शिकवणी फार लांबली. तेव्हा लेखकाने इथे त्यांना ‘एका रात्रीत पालटलेला’ म्हटले आहे, ते ग्राह्य धरू नये.