सेंद्रिय स्फुरद मापन

माती, शेणखत किंवा कुजलेल्या पालापाचोळ्यातील स्फुरदाचा (फॉस्फरसचा) जो भाग कार्बनी संयुगांत अडकलेला असतो, तो मोजण्याच्या पद्धती. बहुतेक जमिनींत एकूण स्फुरदाचा सुमारे ३० ते ६५ टक्के भाग या रूपात असतो. त्यात फायटेट सर्वांत चिवट. त्याच्या एका रेणूत सहा फॉस्फेट गट असल्याने ते लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटते. फॉस्फोलिपिडे आणि न्यूक्लिक आम्ले त्या मानाने लवकर कुजतात.

मँगनीजच्या खनिजात स्फुरद असले तर तो दोष, कारण त्याने पोलाद ठिसूळ होते. धानाच्या बांधीत मात्र तेच पिकाचे अन्न असते आणि त्यातले किती सेंद्रिय, हे शोधणे अवघड काम आहे.

नेहमीची मोलिब्डेनम-निळी रंगचाचणी (मर्फी व रायली, १९६२) फक्त मोकळे फॉस्फेट पकडते. त्यामुळे सेंद्रिय भाग वजाबाकीने काढावा लागतो. साँडर्स व विल्यम्स यांच्या १९५५ च्या पद्धतीत मातीचा एक नमुना ५५० अंश सेल्सिअसला तासभर जाळतात, दुसरा तसाच ठेवतात आणि दोन्हींतून सौम्य गंधकाम्लाने स्फुरद काढतात. समजा, जाळलेल्या नमुन्यात किलोमागे ४२० मिलिग्रॅम आणि न जाळलेल्यात २५० मिलिग्रॅम आले, तर सेंद्रिय स्फुरद १७० मिलिग्रॅम धरतात.

तांबड्या मातीत ही वजाबाकी फसवते.

उष्णतेने लोह-ॲल्युमिनियमला बांधलेल्या असेंद्रिय स्फुरदाची विद्राव्यता वाढू शकते आणि तोही सेंद्रियात मोजला जातो. म्हणून अशा मातीसाठी न जाळता आम्ल व अल्कलीने स्फुरद काढण्याची पद्धत (मेहता व सहकारी, १९५४) पडताळ्याला घेणे चांगले. तीतही अल्कलीमुळे काही नाजूक संयुगे फुटतात आणि आकडा कमी येऊ शकतो. संयुगांचे प्रकार ओळखायचे असल्यास सोडियम हायड्रॉक्साइड-ईडीटीए अर्कावर स्फुरद-३१ चुंबकीय अनुनाद चाचणी करतात. मातीच्या अर्कांवर ती १९८० पासून वापरात आहे.

२०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक नोंदवतात. त्यांत स्फुरदाचा एकच आकडा असतो, पिकाला तत्काळ उपलब्ध असलेल्या भागाचा. सूक्ष्मजीव आणि मुळे फॉस्फटेज विकरांनी हळूहळू मोकळा करतात तो सेंद्रिय साठा त्या आकड्यात येत नाही.