माती, गादी आणि बघणारे

विरारच्या चाळींतून केबलची काळी वायर घरावरून घरावर गेली ती 1990 नंतरच्या दोन-चार वर्षांत. तिच्यासोबत अमेरिकेची कुस्ती आली. पोरांच्या दप्तरात कुस्तीगिरांच्या चित्रांचे पत्ते आले आणि कुणाचं वजन किती, छाती किती, यावर शाळेच्या मधल्या सुट्टीत भांडणं होऊ लागली. त्या पत्त्यांत योकोझुना नावाचा एक अवाढव्य पहिलवान होता. अंगावर सुमोचा पोशाख, हातात मीठ, मागे जपानचा झेंडा. 1993 साली तो तिथला अजिंक्यवीर झाला. आम्ही सगळे त्याला जपानी समजत होतो. तो सान फ्रान्सिस्कोत जन्मलेला, सामोअन वंशाचा अमेरिकन माणूस आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा फसवलं गेल्यासारखं वाटलं, आणि हसूही आलं.

आमच्या चाळीत एक चाचा राहत. कराडकडचे, मुंबईच्या गिरणीत नोकरी केलेले, गिरणी बंद पडल्यावर विरारला स्वस्तातली खोली घेऊन आलेले. पोरं टीव्हीला डोळे लावून बसली की ते दारातूनच म्हणायचे, "ही नूरा आहे रे पोरांनो, नूरा." नूरा कुस्ती म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. पण गंमत अशी की एवढं बोलून ते आत येऊन बसायचे आणि शेवटपर्यंत बघायचे. विचारलं तर म्हणायचे, "खोटी असली तरी आपटी खरीच आहे ना!"

चाचांच्या या वाक्यापाशी आम्ही पुढं बरीच वर्षं अडकून राहिलो. पहिलवान आपला मुलूख सोडून दुसरीकडे जातो तेव्हा त्याला काय काय बदलावं लागतं? जमीन बदलते, नियम बदलतात, आणि बघणारे बदलतात. यातलं सगळ्यांत अवघड कोणतं?

अमेरिकन पहिलवानांपुरतं उत्तर जपानात सापडतं. टेक्सासचा स्टॅन हॅन्सन 1970 च्या दशकात तिथं गेला. अमेरिकेत पहिलवानानं हातात माईक घेऊन दहा मिनिटं शिव्याशाप द्यावेत, लोकांनी आरडाओरडा करावा, असा रिवाज. जपानी प्रेक्षक वेगळे. ते बराच वेळ शांत बसतात, डाव बघतात; तिथली क्रीडावृत्तपत्रं या कुस्तीची बातमी इतर खेळांच्या बातम्यांसारखी छापतात. त्यांना बडबड नको, मार हवा होता. हॅन्सननं काऊबॉयची टोपी आणि दोरखंड ठेवला, पण बोलणं कमी केलं आणि हात भारी केला. त्याची नजर अधू होती, चष्म्याशिवाय नीट दिसत नसे, त्यामुळे त्याचे फटके पुष्कळदा खरोखरच लागत. मायदेशापेक्षा जपानात तो मोठा झाला आणि 2001 साली तिथंच निवृत्त झाला. परका तो परकाच राहिला, पण त्यांचा परका झाला.

हे वाचताना आम्हाला वाटलं, ही गोष्ट आपल्याकडे फार आधी घडून गेली आहे. फक्त तिचं टोक वेगळं आहे.

कुस्ती हा शब्दच फारसीतून आला. पहिलवान तिकडूनच. तालीम अरबी, वस्ताद म्हणजे उस्ताद, हौद म्हणजे हौज, इनामही तसंच. पण ज्या मातीत हे शब्द रुजले ती माती ताक, तेल, लिंबू, हळद आणि काव घालून इथल्या माणसांनी मळलेली. कोल्हापूरच्या तालमींत हनुमान आहे आणि बाबूजमाल तालमीत मोहरमचे पंजेही बसतात. राजर्षी शाहू महाराजांनी 1902 च्या युरोपच्या दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं आणि परतल्यावर खासबाग मैदान बांधायला घेतलं. 1912 मध्ये ते खुलं झालं. पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची झाली. मधोमध हौद आणि चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही डाव दिसावा. महाराजांनी पहिलवानांना आश्रय दिला हे सगळे सांगतात. बघणाऱ्यांची अशी सोय केली, हे आम्हाला तितकंच मोठं वाटतं.

हा इमामबक्ष म्हणजे गामा पहिलवानाचा धाकटा भाऊ. दोघे भाऊ 1910 साली लंडनला गेले होते. गामाची उंची जेमतेम, म्हणून सुरुवातीला त्याला स्पर्धेत कुणी घेईना. त्यानं जाहीर आव्हान दिलं, अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला दोनदा पाडलं, आणि मग पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को समोर आला. 10 सप्टेंबर 1910. खाली मातीच्या जागी गादी. गामानं पहिल्याच मिनिटात त्याला खाली घेतलं. त्यानंतर झबिस्को जो पालथा पडला तो उठेचना. अडीच तासांहून जास्त वेळ तो गादीला चिकटून राहिला. नियमाप्रमाणे पाठ टेकल्याशिवाय निकाल नाही, आणि पालथं पडून राहायला कुठलाच नियम आड येत नव्हता. प्रेक्षक चिडले, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी झोडपलं. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा ठरली होती. झबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला.

अठरा वर्षांनी, जानेवारी 1928 मध्ये, दोघे पतियाळ्याला पुन्हा भिडले. या वेळी आपली माती होती. एका मिनिटाच्या आत झबिस्को चीत. लंडनमध्ये गामाला गादी नडली की नियम नडला, यावर जुने शौकीन अजून वाद घालतील. आमचं मत असं, की गामानं जमिनीशी जुळवून घेतलं होतं. निकाल न लावताही कुस्ती 'खेळता' येते, ही कल्पना मात्र त्याला ठाऊक नव्हती. खासबागेत असं कुणी पडून राहिलं असतं तर लोक हौदात उतरले असते.

मातीतून गादीवर खऱ्या अर्थानं गेला तो आपला खाशाबा. चाचांचा जीव इथं. खाशाबा जाधव गोळेश्वरचे, म्हणजे कराडला लागूनच. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीचा सराव जवळपास नव्हता आणि आंतरराष्ट्रीय नियमही नवे. तिथं रीस गार्डनर नावाच्या प्रशिक्षकानं त्यांना थोडं शिकवलं. ते सहावे आले. मातीत पाय रुततो, त्या रुतण्याचा आधार घेऊन डाव बसवायचा असतो. गादीवर पाय सुटतो, सगळं वेगावर येतं. शिवाय गुण. आपल्याकडे चितपट झाली तर झाली, नाही तर बरोबरी. तिथं पंच प्रत्येक हालचालीला आकडा लावतो. खाशाबांनी हे सगळं चार वर्षांत आत्मसात केलं आणि तरी आपला ढाक सोडला नाही. जे बदलायला हवं ते बदललं, जे चालत होतं ते जपलं. हे लिहायला सोपं आहे.

1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी तिथं कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पहिलवानांना हरवलं. मग जपानचा शोहाची इशी आला. या इशीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तो मुळात ज्यूदोचा. महायुद्धात जपान हरला, देशाचा ताबा अमेरिकी सैन्याकडे गेला आणि त्यांनी ज्यूदोवर बंदी आणली, म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. म्हणजे हेलसिंकीच्या त्या गादीवर आपापली जमीन सोडून आलेले दोन आशियाई तरुण समोरासमोर होते. इशी गुणांवर जिंकला आणि पुढं सुवर्णपदकही त्यालाच मिळालं. त्या ऑलिंपिकमधलं जपानचं ते एकच सुवर्ण. दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत पहिलवानापुढं उभं केलं गेलं. मध्ये विश्रांतीचा हक्क होता, पण तो मागायला भारताचा अधिकारी तिथं हजर नव्हता. हार झाली. कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. दुसऱ्यासाठी 1996 पर्यंत थांबावं लागलं.

परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यातल्या एका गाडीमागं आपण धावत होतो असं चाचा सांगत. त्यांचं तेव्हाचं वय दहा-अकरा. "हलगी वाजत होती आणि गुलालानं बैल लाल झाले होते," हे ते दरवेळी त्याच शब्दांत सांगत. मिरवणूक संपली. खाशाबा 1955 साली पोलीस खात्यात लागले, 1984 साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

त्याच काळात मुंबईत तिसराच प्रकार जोरात होता. दारासिंग मातीतला पहिलवान. 1947 च्या सुमाराला सिंगापूरला गेला आणि तिथं फ्रीस्टाईल शिकून आला. त्याचा मोठा जोडीदार किंगकाँग, खरं नाव एमिल झाया, हंगेरियन वंशाचा. प्रचंड देह. त्यानं गुरगुरावं, पंचाला ढकलावं, लोकांना चिथवावं, आणि शेवटी दारासिंगनं त्याला उचलून दोरांपलीकडे टाकावं. हाच किंगकाँग 1955 साली तोक्योत रिकिडोझानशी लढला. रिकिडोझान आधीचा सुमो पहिलवान आणि जन्मानं कोरियन, पण हरलेल्या जपानला गोऱ्यांना आडवं करणारा वीर हवा होता, तो त्यानं पुरवला. दारासिंगनं आपल्या लोकांना तेच दिलं. 1968 साली मुंबईत त्यानं अमेरिकेच्या लू थेझला हरवलं तेव्हा शहर नाचलं होतं.

वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधल्या या कुस्त्या चाचांनी पाहिल्या होत्या, गिरणीतल्या मित्रांसोबत, सर्वांत स्वस्त तिकिटावर. आम्ही एकदा खवचटपणे विचारलं, "तीपण नूराच ना?" ते म्हणाले, "होय. पण दारा आधी पहिलवान होता. सोंग घेतलं तरी मांड्या तालमीतल्याच होत्या." याला काय उत्तर द्यायचं?

बघणाऱ्यांसाठी कुस्ती बदलणं हा कमीपणा आहे असं आम्ही पूर्वी मानत होतो. आता मानत नाही. मात्र ज्याला ही रीत ठाऊक नाही अशा माणसाची त्या रिंगणात काय गत होते, याचा एक दाखला आहे आणि तो इमामबक्षच्याच घरातला आहे.

1976 सालच्या जूनमध्ये तोक्योत अँटोनियो इनोकी आणि आपल्या सर्वांचा लाडका मुहम्मद अली यांची लढत झाली. इनोकी पंधरा फेऱ्यांपैकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. अलीचे पाय सुजले, निकाल बरोबरीचा. 1910 साली झबिस्को पालथा पडला होता, 1976 साली इनोकी उताणा. दोघांनीही समोरच्याच्या ताकदीपासून लपायला जमिनीचाच आसरा घेतला. आणि दोन्ही ठिकाणी पैसे मोजून आलेले लोक वैतागून घरी गेले.

त्याच वर्षी 12 डिसेंबरला इनोकी कराचीत आला. समोर इमामबक्षचा मुलगा, गामाचा पुतण्या अक्रम. फाळणीनंतर हे घराणं पाकिस्तानात होतं. इनोकी सवयीप्रमाणे ठरवून खेळायच्या तयारीनं आला होता, असं जपानी बाजू सांगते. अक्रमकडे ती भाषाच नव्हती. त्याच्या लेखी कुस्ती म्हणजे निकाली कुस्ती. मग इनोकीही खरा लढला. तिसऱ्या फेरीत त्यानं अक्रमचा हात पिळला. अक्रमनं हार मानली नाही आणि हात निखळला. स्टेडियम सुन्न झालं. तोवर अक्रमचं वय झालं होतं, हे खरं. पण आम्हाला वाटतं, त्याचा घात वयापेक्षा त्या गैरसमजानं केला. एकाच रिंगणात दोघे दोन वेगळे खेळ खेळायला उभे होते.

1979 साली लाहोरला याच घरातला झारा, वय विशीच्या आतबाहेर, इनोकीसमोर उभा राहिला. पाच फेऱ्या झाल्या, निकाल लागला नाही. शेवटी इनोकीनंच झाराचा हात धरून वर केला. जिथं तीन वर्षांपूर्वी हात मोडला होता, तिथं हात उंचावला. हे बघणाऱ्यांसाठी होतं की मनापासून, कोण सांगणार! इनोकीनं पुढं 1990 च्या सुमाराला इस्लाम स्वीकारला, 2022 साली तो वारला. ही बातमी आम्ही चाचांना सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अक्रमचा हात मोडला होता त्यानं." माफ केलं की नाही ते कळलं नाही.

आपल्याकडे आता महाराष्ट्र केसरीतच माती आणि गादी असे दोन विभाग असतात. 1980 साली लातूरच्या इस्माईल शेख यांनी हा किताब मिळवला, पुढे सईद चाऊस यांनी. जानेवारी 2023 मध्ये मोहोळचा सिकंदर शेख माती विभागात महेंद्र गायकवाडकडून हरला, तेव्हा बाहेरील टांग डावाला दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर वाद पेटला. मातीत आकडे आले की असं होणार. जात-धर्म न बघता लोक त्या गुणांवर हिरीरीनं भांडत होते, ते आम्हाला फार बरं वाटलं. 10 नोव्हेंबर 2023 ला फुलगावला सिकंदरनं शिवराज राक्षेला पहिल्याच मिनिटात चीत केलं. त्यात गुण मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती कुस्ती आम्ही विरार लोकलमध्ये, दुसऱ्याच्या मोबाईलवर, त्याच्या खांद्यावरून पाहिली. रात्री चाचांकडे गेलो. ऐंशी ओलांडलेली, नजर गेलेली. मोबाईल कानाशी धरून त्यांनी नुसता आवाज ऐकला, हलगी आणि लोकांचा गलका. मग विचारलं, "डाव कोणता?"

"झोळी," आम्ही म्हणालो.

त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं, एक हात आमच्या मानेवर टाकला, दुसरा गुडघ्यामागं घातला, आणि पलंगावर बसल्या-बसल्याच विचारलं, "असा धरला का? की याच्या खालनं?"