‘प्लॉट घेतला’

१. प्लॉट घेतला : लेखकाच्या पिढीतले नागपूरकर सर्रास असेच म्हणत, पण यावरून जमिनीची पूर्ण मालकी मिळाली असे समजू नये. नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे आजचा नागपूर सुधार प्रन्यास, १९३६च्या कायद्याने अस्तित्वात आला. तेव्हा जुन्या शहरात, गांधीबाग-इतवारीकडे, दाटी वाढत होती. त्यावर उपाय म्हणून जमीन संपादन करायची, रस्ते आणि नाल्या आखायच्या, मग प्लॉट पाडून द्यायचे, ही ट्रस्टची पद्धत. घेणारा एकरकमी प्रीमियम भरी आणि पुढे दरसाल भुईभाडे देई. पट्टा साधारणपणे ३० वर्षांचा, नूतनीकरणाची सोय असलेला. नझूल, म्हणजे शहरातल्या सरकारी बिनशेती जमिनीच्या पट्ट्यांचीही रीत बरीचशी अशीच होती. तेव्हा घर आपले, पण खालची भुई पट्ट्याची. जुना कागद हाती आला, तर चतुःसीमेवर थांबू नये. मुदत कधी संपते आणि वापर निवासी की व्यापारी, हेही वाचावे. वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी नातवंडांची गाडी अडते ती याच दोन ओळींपाशी. — संपादक