अदृश्य वाऱ्याची परीक्षा

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें थैमान मांडलें, तेव्हां डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस करण्याचें काम हातीं घेतलें. मांसरसाच्या चंबूंत तुपाचे थेंब सोडावयाचे, त्यांच्याखालीं जंतूंचे लोंबते झुबके वाढूं द्यावयाचे आणि चंबू हालवून ते तळाशीं पाडावयाचे, अशी त्यांची रीत होती. १० जानेवारी १८९७ रोजीं ती लस त्यांनीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. लशीची अशी परीक्षा झाली. पण हे काम करणारांचें हवेंतील जंतूंपासून रक्षण करणारें कपाट मात्र त्या काळीं तेथें नव्हतें.

प्रयोगशाळेंतील माणसास रोग कसा जडतो, हें पुष्कळ दिवस गूढच राहिलें. नळी फुटली किंवा सुई टोंचली, तर कारण उघड होई. परंतु अमेरिकन संशोधक पाइक यांनीं १९७६ सालीं अशा संसर्गाचीं ३,९२१ उदाहरणें एकत्र केलीं, तेव्हां त्यांपैकीं शेंकडा २० हूनही कमी ठिकाणीं ज्ञात अपघात आढळला. बाकीच्यांविषयीं संशय गेला तो हवेंत तरंगणाऱ्या सूक्ष्म तुषारांवर. द्रव ढवळतांना वा हालवितांना उडणारे हे तुषार ना दिसतात, ना जाणवतात.

उपायाचें मूळ युद्धांत आहे. अणुबाँबच्या सिद्धतेच्या वेळीं किरणोत्सर्गी धूळ अडविण्यासाठीं अमेरिकेंत जी गाळणी निघाली, तिचेंच सुधारलेलें रूप ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकीं शेंकडा ९९.९७ अडवितें. पुढें १९६२ च्या सुमारास विलिस व्हिटफील्ड यांनीं गाळलेली हवा एकाच दिशेनें संथ वाहती ठेवण्याची युक्ति दाखविली. या दोहोंच्या संयोगांतून आजचें जैवसुरक्षा कपाट घडलें. समोरून आंत ओढली जाणारी हवा काम करणारास राखते, वरून उतरणारी हवा कामास राखते, आणि बाहेर जाणारी हवा गाळूनच सोडली जाते.

पण पंखा गुणगुणत आहे, दिवा जळत आहे, एवढ्यावरून कपाट निर्दोष ठरत नाहीं. म्हणून १९७६ सालीं नॅशनल सॅनिटेशन फाउंडेशन या अमेरिकन संस्थेनें ४९ क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. परीक्षक प्रथम वाऱ्याचा वेग मोजतो. प्रचलित ए-२ प्रकारांत आंत येणारी हवा मिनिटास निदान १०० फूट वेगाची असावी लागते. मग तोंडाशीं धूर सोडून त्याची एकही रेघ बाहेर वळत नाहीं ना, हें तो पाहतो. शेवटीं गाळणीच्या एका बाजूस तेलाचें बारीक धुकें सोडून दुसऱ्या बाजूनें तिचा कोपरा न्‌ कोपरा प्रकाशमापकानें धुंडाळतो. पलीकडे १०,००० भागांतील एका भागाहून अधिक धुकें निसटलें, तर ती गाळणी नापास!

असें मिळालेलें प्रमाणपत्रही कायमचें नसतें. परीक्षा निदान वर्षास एकदां व्हावी लागते. शिवाय कपाट जागचें हलविलें किंवा गाळणी बदलली, तर पुन्हां सर्व करावें लागतें. हलवितांना चौकटीस बसलेला लहानसा धक्काही गाळणीच्या कडेस फट पाडूं शकतो. गाळणी बदलणाऱ्या कामगाराच्या रक्षणासाठीं, जेथें जंतूंचें काम झालें असेल तेथें, आधीं आंत जंतुनाशक वायु भरून कपाट शुद्ध करावें लागतें.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत २०१२ मध्यें सर्वोच्च, म्हणजे चौथ्या श्रेणीची प्रयोगशाळा उघडली. हाफकिन यांच्या खोलीपासून तेथपर्यंतच्या वाटेंत माणसाचें धैर्य वाढलें असें नव्हे. तें तेव्हांही होतेंच. वाढली ती एक सावध शिस्त. जें डोळ्यांस दिसत नाहीं, त्यावर नुसता विश्वास न ठेवतां तें वारंवार मोजून पाहावें, हीच ती शिस्त होय.